धावपट्टीवरची फुली

रविवारी सकाळी पहिलं विमान उतरलं की मुरिएल थर्टल स्वयंपाकघराची खिडकी आपटून लावायची. हे आपटणं विमानातल्या माणसाला ऐकू जात नाही, याची तिला दर रविवारी नव्याने चीड यायची.

वय त्र्याहत्तर. लग्न केलेलं नाही. उजव्या खुब्यात पोलादी सांधा बसवलेला, तरी चाल अशी की समोरच्याने मुकाट्याने बाजूला व्हावं. थॉर्पवेलच्या दुकानात ती शिरली की बायकांच्या गप्पा आपोआप हवापाण्यावर यायच्या. चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रवचन लांबलं की खाकरायची. पाद्रीबुवांनी त्या खाकरण्याची धास्ती घेऊन प्रवचनं आखूड केली होती. त्यासाठी गाव मनातून तिचं आभारी होतं, पण तोंडावर कुणी कधी बोललं नाही.

नॉरफोकच्या त्या सपाट मुलखात युद्धाच्या वेळी जिकडे तिकडे विमानतळ उठवले होते. त्यातला एक थर्टलांच्या शेतावर आला. १९४२ साली सरकारी माणूस सायकलवरून नकाशा घेऊन आला तेव्हा मुरिएल अकरा वर्षांची होती. थर्टलांचं घर नेमकं धावपट्टीच्या रेषेत येत होतं. घर रिकामं करवलं, पाडलं, आणि त्याच्याच लाल विटांचा चुरा खाली अंथरून वर काँक्रीट ओतलं. आईची चूल, दुधाची खोली, जिना, सगळं त्या काँक्रीटखाली गेलं. बाप गाव सोडायला तयार होईना. शेताच्या कडेला गड्याच्या दोन खोल्या होत्या, तिथे तो बायकामुलांना घेऊन राहिला; मुरिएल अजून तिथेच राहायची. त्याच्या डोक्यावरून जर्मनीकडे बॉम्ब घेऊन जाणारी विमानं जायची आणि परत यायची. सगळीच परत यायची असं नाही.

युद्ध संपल्यावर जमीन परत मिळाली. बहुतेक काँक्रीट उखडून रस्त्याच्या भरावाला गेलं. उत्तरेकडचा एक पट्टा तेवढा राहिला, कारण बापाने ठेकेदाराला त्या बाजूला पाय ठेवू दिला नाही. “ज्यांनी ओतलं त्यांनीच येऊन उचलावं,” म्हणायचा. ते कधीच आले नाहीत. म्हातारा गेला, मागून भाऊ हॅरल्ड गेला. दक्षिणेकडची जमीन हॅरल्डचा मुलगा क्लाइव्ह याच्याकडे आली आणि पट्ट्यासकट उत्तरेकडची मुरिएलकडे राहिली. कसायचा मात्र क्लाइव्हच, दोन्हीकडची.

खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुरिएल इस्पितळात पडली होती, तेव्हा क्लाइव्हने हौशी वैमानिकांच्या एका मंडळाला पट्ट्यावर उतरायची मुभा देऊन टाकली. ती काठी टेकत घरी आली तर गोठ्याच्या मागे तीन विमानं उभी आणि एक अनोळखी माणूस तिच्या सफरचंदाच्या झाडाखाली सँडविच खातोय.

“हे काय आहे?” तिने विचारलं.

“आत्या, रविवारची चार माणसं येतात, चहा पितात, जातात,” क्लाइव्ह म्हणाला. “तुझं काय जातंय?”

“माझं झाड आहे ते.”

“सावली खातायत का ते तुझी?”

“तू लहानपणी पण असाच होतास. दुसऱ्याच्या ताटातलं वाटून मोठेपणा घ्यायचास.”

त्या दिवसापासून आत्या-भाच्याचं बोलणं पाऊस, डिझेल आणि रानडुकरासारखा माजलेला शेजारचा कुत्रा एवढ्यावर आलं.

येणारी मंडळी निवृत्त झालेली, खाऊनपिऊन सुखी. कुणी दात उपटणारा, कुणी खिडक्या बसवणारा, एक शाळेचा माजी मुख्याध्यापक. दोन माणसांची खेळण्यासारखी विमानं. सकाळी आपल्या गावाहून उडायचं, युद्धातल्या एखाद्या जुन्या विमानतळावर उतरायचं, मोडक्या नियंत्रण-मनोऱ्यासमोर फोटो काढायचा, चहा, केक, आणि पुढच्या विमानतळाकडे. जितके विमानतळ पायाखालून गेले तितकी ऐट जास्त. ते “आपली पोरं” म्हणायचे, म्हणजे साठ वर्षांपूर्वीचे वैमानिक. जणू कालच ह्यांनी त्यांना डबा बांधून दिला होता.

त्यांचा म्होरक्या लायनेल पास्क. केंब्रिजकडचा, आयुष्यभर लोकांचे डोळे तपासून चष्मे दिलेला. उंच, गुलाबी, बोलायला मऊ. पहिल्याच भेटीत त्याने टोपी काढली.

“नमस्कार. मिसेस थर्टल ना?”

“मिस.”

“माफ करा. मी लायनेल पास्क. आम्ही ती उडणारी मंडळी...”

“कळलं ते. भर उन्हाळ्यात अंगावर मेंढी चढवून दुसरं कोण फिरतंय?”

पास्कने स्वतःच्या लोकरी अस्तराच्या कोटाकडे पाहिलं आणि हसला. “वर फार गार असतं हो.”

“मग वरच राहायचं.”

तो पुन्हा हसला. मुरिएलच्या तो तिथेच डोक्यात गेला. शिव्या हसून गिळणारा माणूस तिला आवडायचा नाही. असा माणूस उद्या पुन्हा येतो, हे तिला ठाऊक होतं.

“युद्धाच्या वेळी तुम्ही इथेच होतात असं ऐकलं. आठवणी असतील ना काही?”

“आहेत.”

“सांगाल?”

“नाही.”

तो खरंच पुन्हा आला. कधी जॅमची बरणी, कधी आकाशातून काढलेला तिच्याच शेताचा फोटो. जॅम तिने पाद्रीबुवांच्या जत्रेला देऊन टाकला आणि फोटो मांजराच्या बशीखाली घातला. पुढच्या वेळी पास्कने तो तिथे पाहिला तरी काही बोलला नाही. उलट मांजराचं नाव विचारलं.

“मांजर,” मुरिएल म्हणाली.

तिसऱ्या उन्हाळ्यात तो घडी केलेला कागद घेऊन आला. क्लाइव्ह बरोबर होता आणि नजर चुकवत होता, तेव्हाच मुरिएलला काहीतरी शिजल्याचा वास आला.

“मिस थर्टल, आम्ही इथे एक स्मारकशिला बसवतोय. जूनमध्ये अनावरण. चाळीसेक विमानं येतील, बँड, पाद्रीसाहेब. वरचा मजकूर तुम्ही ऐकावा अशी इच्छा आहे.” पास्कने घसा साफ केला. “‘नोव्हेंबर १९४३ मध्ये जॉफ्री हॅलिवेल यांनी जायबंदी झालेले विमान येथे सुखरूप उतरवले आणि सहा सोबत्यांचे प्राण वाचवले.’ त्याला पदक मिळालं होतं. एकवीस वर्षांचं पोर हो. पुढे दोन महिन्यांत बर्लिनवर मारला गेला.”

मुरिएल बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला.

“काय म्हणालात? कसं उतरवलं?”

“सुखरूप.”

“माझ्या जमिनीवर हा दगड बसायचा नाही.”

“आत्या, मी हो म्हणून बसलोय,” क्लाइव्ह म्हणाला. “दगड कोरायला गेला.”

“तुझ्या दारात लाव. तुझ्या बेडरूममध्ये लाव.”

“कारण तरी सांगशील?”

“जमीन माझी आहे, हे कारण पुरत नाही का?”

क्लाइव्ह तापला. “सगळं गाव ह्या दगडाच्या पाठीशी आहे, कळलं? एकटी तूच आडवी. ह्या लोकांनी जीव दिला म्हणून तू आज इथे बटाटे सोलतेयस!”

मुरिएलने हातातला बटाटा त्याच्या दिशेने भिरकावला. तो लागला दाराला. पास्क वाकून तो उचलायला गेला तशी ती ओरडली, “हात लावू नका!” एवढ्या मोठ्याने, की तो तसाच वाकलेला राहिला.

मुरिएलला आयव्ही नावाची मोठी बहीण होती, एवढंच क्लाइव्हला माहीत होतं. “युद्धात गेली,” असं घरात म्हणत आणि विषय तिथे संपे. आईबापाने तो दिवस घरात कधी उच्चारू दिला नाही. त्या वेळी विमानांचे अपघात वर्तमानपत्रात छापायला बंदी होती, आणि गावात ज्यांना ठाऊक होतं ते सगळे आता चर्चच्या मागे झोपले होते. उरली मुरिएल. ती दगडवाल्यांना ते सांगणार नव्हती. विचारायला ते साठ वर्षं उशिरा आले होते, आणि आले तेही मजकूर लिहून झाल्यावर.

जूनच्या त्या रविवारी ती उजाडताच उठली. धावपट्टी बंद असेल तर तिच्यावर मोठी पांढरी फुली मारतात आणि ती दिसली की कुणी उतरत नाही, हे तिने ह्याच मंडळींच्या तोंडून ऐकलं होतं. गोठ्याला लावायचा चुना होता. तिने बादलीत कालवला आणि लांब दांड्याच्या झाडूने पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रस्त्याएवढ्या रुंद फुल्या ओढल्या. खुबा ठणकत होता. मग ट्रॅक्टर काढला आणि गंजलेला जुना दातेरी कुळव ओढत नेऊन पट्ट्याच्या मध्यावर, जिथे काँक्रीटला उंचवटा होता त्याच्या पलीकडे सोडला. हे कशासाठी, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. खुर्ची मांडून, कांद्याचं लोणचं आणि पाव घेऊन ती उंचवट्याशेजारच्या गवतात बसली.

पूर्वेच्या टोकाशी, बांधाच्या दक्षिणेला, क्लाइव्हच्या हद्दीत, तंबू लागला होता. दगड शेवटी तिथेच उभा केला होता, कापडाखाली. बँडवाले वाद्यं पुसत होते. तेवढ्यात पहिलं विमान आलं, खाली वाकलं, फुली पाहिली आणि पुन्हा वर चढलं. मागून दुसरं. मग चार एकदम. डासांसारखी घोंघावत ती गोल फिरू लागली.

क्लाइव्ह पट्ट्यावरून धापा टाकत आला. बूट चुन्याने माखलेले.

“वेड लागलंय का तुला? लोक यॉर्कशायरहून आलेत!”

“यॉर्कशायरमध्ये जागा नाही का उतरायला?”

“पुसून टाक ते!”

“तू पूस. लहानपणी तुझं ढुंगण पुसलंय मी, आता तुझी पाळी.”

“आत्या, अगं माझी इज्जत...”

“खाली बस नाहीतर चालू लाग. ऊन अडवतोयस.”

एकेक करून विमानं शेजारच्या विमानतळाकडे वळली. मुरिएलने लोणच्यातला कांदा दाताखाली फोडला. कित्येक वर्षांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

शेवटी एक निळं विमान राहिलं. पास्कचं. पुष्पचक्र त्याच्याकडे होतं. तो एकदा फिरला, दोनदा फिरला, मग इतका खाली आला की तिला काचेआडचा त्याचा गुलाबी चेहरा दिसला. तिने त्याला हाताने “जा” केलं. तो गेला नाही. म्हातारी बाई, चुन्याच्या रेघा, पट्टा तर ठणठणीत. असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं, आणि गंजलेला कुळव वरून काँक्रीटवरच्या डागासारखा वाटला असावा. विमान पश्चिमेकडून आलं, फुलीवर टेकलं आणि धावत उंचवटा चढलं.

मुरिएल उठली. “अरे, थांब!” ती ओरडली. तिचा तिलाच तो आवाज ऐकू आला नाही.

कुळवाचे दात चाकात गेले. विमान नाकावर पडलं, पंखा तुटून उडाला आणि शेपूट वर राहिली. मग एकदम शांत झालं. पेट्रोलचा वास येत होता.

ती पोचली तेव्हा पास्क आसनाच्या पट्ट्यांत लटकत होता. एक खांदा विचित्र खाली आला होता आणि भुवईतून रक्त वाहत होतं. क्लाइव्ह आला, त्याने पट्टे कापले, दोघांनी ओढून त्याला गवतात आणलं. पास्क कळवळत होता.

“मी ॲम्ब्युलन्सला फोन करतो,” क्लाइव्ह म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. “डोक्याला मार आहे. त्याला झोपू देऊ नको. बोलत राहा.”

“मी? ह्याच्याशी?”

“बोल म्हटलं ना!” आणि तो पळाला.

पास्कचे डोळे मिटत होते. मुरिएलने त्याच्या गालावर चापट मारली. जरा जोरातच.

“डोळे उघड. आठवण हवी होती ना तुला? तीन वर्षं जॅम आणतोयस. घे, ऐक.”

तिने गुडघे टेकले नाहीत. खुबा वाकत नव्हता. उभ्या उभ्याच, वरून, ती बोलत राहिली.

“पट्ट्याच्या टोकाचं ते कुंपण दिसतंय? त्याच्या पलीकडे बीट होतं. दुपार होती, धुकं होतं. बायका बीट उपटत होत्या, मी पाला छाटत होते, आयव्ही माझ्या पुढच्या सरीत. तुझा तो हॅलिवेल आला. पट्टा संपला तरी थांबेना. कुंपण फोडून आत. सगळ्या पळाल्या. मी चरात पडले. आयव्ही रस्त्याकडे पळाली, आणि विमान पण रस्त्याकडेच वळलं. सतरा वर्षांची होती.” ती थांबली. “डोळे मिटू नको! मग ते सात जण उतरले. हसत होते. एकमेकांना मिठ्या मारत होते, एक तर जमिनीचे मुके घेत होता. त्यांना माहीत नव्हतं. पंखाखाली कुणी बघितलंच नव्हतं. गावातून चहा आला त्यांच्यासाठी. ते चहा पीत असताना माझ्या आईने तिला शोधलं. हे तुझं सुखरूप.”

पास्क तिच्याकडे पाहत राहिला. ओठ हलले. “मला... ठाऊक नव्हतं.”

“विचारलंस का कुणाला?”

“तुम्हाला विचारलं होतं.”

“मला आठवणी विचारल्यास. गोड गोड. केकबरोबर खायला.”

 तो दुखण्याने रडायला लागला. की दुखण्याने नसेल, तिने ठरवायची तसदी घेतली नाही. मेंढीचा कोट त्याच्या अंगावर ओढला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याचे डोळे मिटले की त्याला चापटी देत राहिली.

दुसऱ्या दिवशी गावचा हवालदार टिमथी आला. लहानपणी सफरचंदं चोरताना मुरिएलकडून कान पिळून घेतलेला.

“मिस्टर पास्क म्हणतात चूक त्यांची. फुली दिसली होती, तरी उतरले. कुळव म्हणे जुनाच तिथे पडलेला असणार.”

“जुना कुठला? मी नेऊन ठेवला. त्याच सकाळी.”

टिमथीने कपाळ चोळलं. “मिस थर्टल, मी हे ऐकलं नाही.”

“कान दुखतायत का? पुन्हा सांगते. मी ठेवला, मुद्दाम ठेवला. त्या माणसाला सांग, माझ्यावर उपकार करायची गरज नाही.”

“जमीन तुमची, कुळव तुमचा, फुली मारलेली. माणूस तक्रार करत नाही. मी काय करू?” टोपी उचलून तो निघालाच.

ह्या उपकाराने ती आठवडाभर धुमसत राहिली. खटला झाला असता, तिने न्यायालयात उभं राहून सगळं सांगितलं असतं आणि शिक्षाही भोगली असती. तेही पास्कने काढून घेतलं. रात्री झोप लागत नसे. ते विमान उंचवट्यावर चढताना दिसे, आणि आपण ओरडलो ते वेळेवर की उशिरा, हे कळत नसे. माणूस मेला असता तर? ह्या प्रश्नाशी ती कितीही भांडली तरी तो हटत नव्हता.

वैमानिक पुन्हा आले नाहीत. दगड क्लाइव्हने झाकलेलाच ट्रॉलीत घालून पाथरवटाकडे परत पाठवला. आयव्हीबद्दल त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मुरिएलने “पास्कला विचार, त्याला सगळं सांगितलंय” असं उत्तर दिलं. तो खरंच इस्पितळात गेला, पास्ककडून ऐकून आला, आणि मग बराच वेळ ट्रॅक्टरवर इंजिन बंद करून बसून राहिला. नंतर आत येऊन त्याने विचारलं, “पट्टा उखडायचा का, आत्या?”

“तुझ्या बापात धमक असती तर पन्नास वर्षांपूर्वीच उखडला असता.”

“त्याने नाही उखडला.”

“म्हणूनच म्हणतेय. तू उखड.”

ऑक्टोबरात यंत्र आलं. काँक्रीट फोडायचा खडखडाट चालू असतानाच पास्क मोटारीने आला. खांदा जड झाला होता, मान वळत नव्हती. मुरिएलने त्याला दारातच उभं केलं.

“हॅलिवेलच्या पुतण्याला मी सगळं सांगितलं,” तो यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून म्हणाला. “तो भडकला. म्हणाला, कडवट म्हातारीच्या कल्पना. मंडळात दोन तट पडलेत. मी म्हटलं, दगडावर आयव्हीचं नाव...”

“तिचं नाव तोंडात घेऊ नका.”

“माफ करा. बहिणीचं नाव खाली कोरता येईल.”

“खाली? त्याच्या पायाशी?”

“मग वेगळा दगड.”

“नको. चर्चच्या मागे आहे तिचा. आईने लावलाय. तुम्ही लोक मनोऱ्यांचे फोटो काढता, तिकडे कधी फिरकला नाहीत.”

यंत्र मध्येच थांबलं. पास्कने हळूच विचारलं, “त्याला कळलं होतं का? हॅलिवेलला?”

तिने त्याच्या पायाखालच्या पायरीकडे पाहिलं. 

“दुसऱ्या दिवशी आला होता. एकटा. ह्या दारात, तुम्ही उभे आहात तिथे. टोपी हातात. बापाने दार लावून घेतलं. मी बाहेर होते. मी बीट फेकून मारलं त्याला, कपाळावर बसलं. रक्त आलं. त्याने पुसलं नाही. खाली पडलेलं बीट उचललं, नीट पायरीवर ठेवलं आणि गेला.” तिने त्याच्याकडे पाहिलं. “हे लिहा तुमच्या दगडावर.”

“नाही,” पास्क म्हणाला. “हे मी कुठेच लिहिणार नाही.”

“बरं.”

“तुम्हाला कधी...”

“आता जा. मला चूल बघायचीय.”

तो मोटारीत बसला. अंगण अरुंद, गाडी मागे घ्यायला हवी, आणि त्याला मान वळवता येईना. एकदा मागे घेतली, फाटकाच्या खांबाला लागली. पुढे घेतली, पुन्हा मागे, पुन्हा खांब. मुरिएल खिडकीतून बघत होती. तिसऱ्यांदा खांब हलला तशी ती काठी घेऊन बाहेर आली आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

“डावीकडे! डावीकडे म्हटलं, चष्मेवाल्या! आयुष्यभर लोकांचे डोळे तपासलेस ना? आता ये. ये. ये अजून. थांब! माझ्या पायावर घालतोस का? घाल, तेवढंच राहिलंय. आता सरळ.”

गाडी रस्त्यावर लागली. पास्कने काच खाली केली. तो काही बोलायच्या आत तिने काठीने गाडीचं छप्पर वाजवलं. “चल, नीघ.”

धुळीत यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. क्लाइव्हला दोन शिव्या हासडायला ती त्या दिशेने चालू लागली, कारण तो दगडगोटे भलत्याच बाजूला ढकलत होता.